मत मागता, मग उत्तरही द्या!

विंचूरच्या उपबाजार आवारात कांद्याच्या ट्रॅक्टरची रांग लागलेली असते. लिलाव सुरू झाला की व्यापारी मंडळी एका ट्रॉलीवरून दुसऱ्या ट्रॉलीकडे सरकत जातात. कुणी कांदा हातात घेऊन दाबून बघतो, कुणी पत्ती सोलून बघतो, कुणी ट्रॉलीच्या तळाशी हात घालतो. वर एक आणि खाली एक असा माल तर भरला नाही ना, याची खात्री करून घेतल्याशिवाय बोली वर चढत नाही. आपल्याला त्याचा राग येतो का? नाही. पैसे मोजणारा माणूस माल पारखून घेणारच, हे आपल्याला ठाऊक असते.

आपणही तेच करतो. बाजारात बैल घ्यायला गेलो तर दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो, मारका आहे का म्हणून दहा जणांना विचारतो. मुलीला स्थळ आले तर पाहुण्यांच्या गावी जाऊन गुपचूप चौकशी करतो. बियाण्याची पिशवी घेताना दुकानदाराला भंडावून सोडतो. मात्र पाच वर्षांसाठी आपला कारभार ज्याच्या हाती द्यायचा, तो माणूस दारी आला म्हणजे आपण काय करतो? ओवाळतो, नारळ देतो, फेटा बांधतो, टाळ्या वाजवतो. तो बोलतो आणि आपण ऐकतो. मग गाड्यांचा धुरळा उडतो आणि आपण पारावर बसून म्हणतो, “सगळे सारखेच हो!”

वाचकहो, सगळे सारखे आहेत की नाहीत हे कळायचे कसे? विचारल्याशिवाय कळायचे नाही. आज आपण या विचारण्याबद्दलच बोलू.

पिंपळगावची एक हाक

विंचूरपासून पिंपळगाव बसवंत काही फार लांब नाही. १५ मे २०२४ रोजी तेथे लोकसभा निवडणुकीच्या प्रचाराची मोठी सभा झाली. पंतप्रधान नरेंद्र मोदी बोलत होते. भाषण चालू असताना गर्दीतून एका तरुणाचा आवाज आला, “कांद्यावर बोला!” त्यावर घोषणा झाल्या, गलका झाला, भाषण पुढे चालू राहिले. पण ती दोन शब्दांची हाक दुसऱ्या दिवशी महाराष्ट्रभर पोचली.

ती का पोचली, हे कांदा पिकवणाऱ्या घराला सांगायला नको. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले. त्याच वर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निर्यातच बंद झाली. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण टनामागे ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क कायम राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान किंमतीची अट गेली आणि शुल्क २० टक्क्यांवर आले. १ एप्रिल २०२५ पासून तेही गेले. या दीड-पावणेदोन वर्षांत कुणाच्या चाळीतला कांदा सडला, कुणाच्या घरचे लग्न पुढे ढकलले, कुणी सोसायटीचे कर्ज नवे-जुने केले, ते ज्याचे त्याला माहीत.

यात एका पक्षाला धरून बोलण्याचे कारण नाही. शहरात भाव चढला की निर्यात अडवायची, ही रीत जुनी आहे. वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांनी ती पाळली आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये बंदी आली, सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा आली. २०१८ च्या अखेरीस निफाड तालुक्यातल्याच एका शेतकऱ्याने ७५० किलो कांदा विकला, हाती १,०६४ रुपये आले, आणि ते त्याने मनिऑर्डरने थेट पंतप्रधानांकडे पाठवून दिले. तोही एक सवालच होता, फक्त तोंडाने न विचारता टपालाने विचारलेला.

आता थोडा विचार करू. मनिऑर्डर पाठवावी लागते, गर्दीतून ओरडावे लागते, याचा अर्थ काय? याचा अर्थ असा, की प्रश्न आहे पण तो विचारायला जागा नाही. प्रचारसभेत व्यासपीठ उंच, ध्वनिवर्धक एकाच बाजूला, आणि श्रोता दोरीच्या पलीकडे. अशा सभेत हाक मारता येते, पण जाब विचारता येत नाही. हाकेला उत्तर द्यायचे की नाही हे वक्त्याच्या मर्जीवर राहते. ज्या सभेत प्रश्नाला ठरलेली वेळ आहे, उत्तर देणे भाग आहे आणि दिलेले उत्तर कागदावर उतरते, तीच खरी सवाल-जवाबाची सभा.

ही रीत आपल्याला नवी नाही

कुणी म्हणेल, असले परदेशी खूळ आपल्याकडे कशाला? पण सत्तेला प्रश्न विचारण्याची रीत या मातीतली आहे.

१८८८ सालची गोष्ट. व्हिक्टोरिया राणीचे चिरंजीव ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात मेजवानी होती. शालू-शेले, हिरे-मोती घालून बडी मंडळी जमली होती. तेथे महात्मा जोतीराव फुले गरीब शेतकऱ्याच्या वेषात गेले. पहारेकऱ्यांनी दारातच अडवले. आत गेल्यावर ते उभे राहून बोलले. येथे जमलेल्या दागिन्यांवरून देशाची परीक्षा करू नका, खरा देश खेड्यात आहे, तो जाऊन पाहा, आणि रयतेच्या शिक्षणाचे राणीला सांगा, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. पाच वर्षांपूर्वी, १८८३ साली, ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्या माणसालाच हे शोभले.

त्याआधी १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा निघाली होती. रयतेची गाऱ्हाणी गोळा करायची आणि ती नीट मांडून सरकारपुढे ठेवायची, हे तिचे काम. १८९६ च्या दुष्काळात सभेची माणसे गावोगाव हिंडली आणि दुष्काळाच्या कायद्यात रयतेला कोणत्या सवलती आहेत ते लोकांना समजावून सांगितले. म्हणजे प्रश्न विचारण्याआधी कायदा काय म्हणतो ते माहीत करून घ्यावे, ही शिकवण तेव्हापासूनची आहे.

आणि आपल्या जिल्ह्याचे काय? १० नोव्हेंबर १९८० रोजी शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने नाशिक जिल्ह्यात रस्ते आणि रेल्वे अडवली. कांद्याला क्विंटलमागे ५० ते ७० रुपये आणि उसाला टनामागे ३०० रुपये भाव द्या, ही मागणी होती. हजारो माणसे तुरुंगात गेली. गोळीबार झाला आणि शेतकऱ्यांना प्राण गमवावे लागले. त्या आंदोलनाने गावातल्या साध्या माणसाच्या तोंडी एक सवाल दिला: माझा उत्पादनखर्च किती आणि मला भाव किती? त्यापूर्वी हा हिशोब मांडायची सवय आपल्याला कुठे होती?

पुढे ९ आणि १० नोव्हेंबर १९८६ रोजी चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले. लाखावर बाया जमल्या. शेतात राबणाऱ्या बाईचे नाव सातबाऱ्यावर का नाही, पंचायतीत बाई का नाही, गावात दारूचे दुकान का आहे, असे सवाल तेव्हा मोकळेपणी बोलले गेले. आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या कितीतरी आजीबाई त्या दोन दिवसांची आठवण काढतात. ज्यांच्या घरी अशा आजी आहेत त्यांनी एकदा बसून ऐकून घ्यावे.

दूरदेशी काय चालते

आता जरा बाहेर डोकावू. स्वित्झर्लंड हा डोंगराळ देश, आपल्याला दूध-चीजसाठी माहीत असलेला. तेथे ग्लारुस नावाचा एक छोटा प्रांत आहे. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी तेथले मतदार उघड्या मैदानात जमतात. कोणते विषय आहेत याची पुस्तिका आधीच घरोघर आलेली असते. कायदा असो, कर असो, कुणीही उठून बोलू शकतो, दुरुस्ती सुचवू शकतो, आणि मग हातातले कार्ड उंच धरून मतदान होते. २००६ साली गंमत झाली. गावांच्या २५ कारभारी संस्था एकत्र करून त्यांची संख्या दहावर आणावी असा सरकारचा प्रस्ताव होता. एका नागरिकाने उठून सांगितले, दहा कशाला, तीनच करा. सभेने ते मान्य केले आणि सरकारला ते पाळावे लागले!

पण तेथले सगळेच चांगले असे समजू नका. असेच मैदानात मतदान करणाऱ्या आपेनझेल इनरऱ्होडेन या दुसऱ्या प्रांतात बायांना मताचा हक्क १९९० साली मिळाला. आपल्या विंचूरच्या आज्या-पणज्या १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीपासून मत देत आल्या आहेत. तेव्हा मान खाली घालण्याचे कारण नाही.

अमेरिकेत १९९२ साली राष्ट्राध्यक्षपदाच्या तीन उमेदवारांना रिचमंड गावी एका सभागृहात बसवले आणि समोर साध्या मतदारांना बसवून प्रश्न विचारू दिले. एका तरुण बाईने विचारले, देशाच्या कर्जाचा तुम्हाला स्वतःला काय चटका बसला? स्वतःला बसला नसेल तर आमचे दुखणे तुम्हाला कळणार कसे? त्या वेळचे अध्यक्ष बुश उत्तर देताना अडखळले. क्लिंटन खुर्चीवरून उठून तिच्याजवळ गेले आणि तिच्याशी बोलले. पुढे निवडणूक क्लिंटन यांनी जिंकली. ती काही एका उत्तरामुळे जिंकली असे नव्हे, पण भल्याभल्या वक्त्यांचा कस साध्या प्रश्नावर लागतो, हे सगळ्या देशाने पाहिले.

आणि एवढे लांब तरी कशाला? आपल्याच राजस्थानात, पाली जिल्ह्यातल्या कोटकिराना गावी, डिसेंबर १९९४ मध्ये मजूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनावणी भरवली. सरकारी कामांच्या हजेरीपटावर कुणाची नावे आहेत, बिलात किती माल दाखवला आहे, हे सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवले. ज्यांची नावे होती ती माणसे समोरच बसलेली. जो कामावर गेलाच नाही त्याचे नाव वाचले की तो उठून सांगे, मी तर गेलोच नव्हतो. अशा सभांमधून माहितीच्या हक्काची चळवळ वाढली. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर २००२ चा कायदा आला, आणि ऑक्टोबर २००५ पासून साऱ्या देशाला माहितीचा अधिकार मिळाला. आज दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत माहिती मागता येते, ती या उघड्यावरच्या सभांची कमाई आहे.

आपल्या हातातली सभा

आता येऊ आपल्या गावात. सवाल-जवाबाची सर्वांत जवळची सभा आपल्याला कायद्यानेच दिलेली आहे. तिचे नाव ग्रामसभा. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात ती होतीच. २४ एप्रिल १९९३ पासून लागू झालेल्या घटनादुरुस्तीने तिला घटनेत मानाची जागा मिळाली. गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव आहे तो प्रत्येक बाई-माणूस ग्रामसभेचा सभासद. पंचायतीचे सदस्य पाच वर्षांनी बदलतात, ग्रामसभेचा सभासद मात्र यादीत नाव असेपर्यंत सभासदच.

थोडे नियम ध्यानात ठेवावेत. आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. बहुतेक गावांत त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास होतात. सभेसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसे, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी हजर लागतात. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावयाची असते. वर्षातल्या पहिल्या सभेत गेल्या वर्षाचा जमाखर्च, कारभाराचा अहवाल, लेखापरीक्षणाची टिपणी आणि चालू वर्षाचे काम लोकांपुढे ठेवावे लागते. म्हणजे आपल्याला विचारण्याचा हक्क आहे इतकेच नाही, तर हिशोब आपणहून दाखवणे हे पंचायतीचे कर्तव्य आहे.

मग आपल्या ग्रामसभा अशा ओस का पडतात? शंभर माणसे जमत नाहीत म्हणून सभा तहकूब होते. मग ती चार माणसांत उरकते. हजेरीच्या वहीवर सह्या घरोघर फिरून घेतल्या जातात, आणि सही करताना वरती काय लिहिले आहे ते आपण वाचत नाही. यात दोष एकट्या सरपंचाचा कसा म्हणावा? त्या दिवशी आपण कुठे होतो?

प्रश्न कसा विचारावा

प्रश्न विचारणे हीदेखील एक मेहनत आहे. नुसते ओरडणे सोपे. समजा, एका गावच्या वरच्या गल्लीला नळाचे पाणी पुरत नाही. एक वहिनी धीर करून सभेत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “आम्हाला पाणी का मिळत नाही? सगळे खाऊन बसलेत!” काय होईल? सरपंच चिडतील, त्यांच्या भावकीतले दोघे उठतील, वहिनींच्या भावकीतले चौघे उठतील, आणि पाणी बाजूला राहून भांडण पेटेल.

आता त्याच वहिनी दुसऱ्या तऱ्हेने विचारतात. डोक्यावरचा पदर सारखा करून, समोर सासरे-दीर बसलेले असतानाही हातातला कागद बघून त्या म्हणतात, “सरपंच भाऊ, गेल्या मे महिन्याच्या सभेत वरच्या गल्लीची पाइपलाइन बदलायचा ठराव झाला होता. त्याचा खर्च किती धरलाय, काम कुणाला दिलंय आणि पुरं कधी होणार, एवढं सांगा.”

“होईल वहिनी, लवकरच होईल.”

“लवकर म्हणजे कोणत्या महिन्यात, भाऊ? तो महिना भाऊसाहेबांनी वहीत लिहून घ्यावा, एवढीच विनंती.”

बघा, आवाज चढला नाही, कुणाचा अपमान झाला नाही, पण उत्तराला आता तारीख मिळाली. पुढच्या सभेत मागील सभेचे इतिवृत्त वाचले जाईल तेव्हा तो महिना पुन्हा सर्वांपुढे येईल. बोलणाऱ्याचे कुळीथही विकले जातात आणि न बोलणाऱ्याचे गहूही विकले जात नाहीत, असे जुनी माणसे म्हणतात, ते खोटे नाही. फक्त बोलणे मुद्द्याचे हवे.

आणखी एक. प्रश्न योग्य दारी न्यावा. गावचा रस्ता, गटार, नळ, दिवे, शाळेची खोली यांचा सवाल ग्रामसभेत. विजेच्या दराचा, पीक नुकसानीच्या मदतीचा, बाजार समितीच्या कायद्याचा सवाल आमदारांकडे. त्यांनी तो विधानसभेत तारांकित प्रश्न म्हणून मांडला तर मंत्र्यांना उभे राहून उत्तर द्यावे लागते. कांद्याची निर्यात आणि तिच्यावरचे शुल्क हा दिल्लीचा विषय, तो खासदारांकडे. सरपंचाला निर्यातबंदीचा जाब विचारून उपयोग नाही आणि खासदाराला गटारीचा विचारून उपयोग नाही. पण ग्रामसभेने कांद्याबद्दल ठराव करून तो खासदारांना पाठवायला काय हरकत आहे? एका गावाचा ठराव कदाचित फायलीत पडेल. तालुक्यातल्या सर्व गावांनी एकाच मजकुराचा ठराव पाठवला, तर फायलीलाही तो जड होईल.

निवडणुकीत एकच व्यासपीठ

ग्रामसभेपलीकडे आणखी एक गोष्ट गावाला करता येण्यासारखी आहे. निवडणूक आली की दर उमेदवाराची वेगळी सभा होते. प्रत्येकजण आपापली बाजू सांगतो आणि दुसऱ्याच्या पाठीमागे त्याला शिव्या देतो. त्याऐवजी गावाने सर्वांना एकाच दिवशी, एकाच व्यासपीठावर बोलवावे. विंचूरच्या तीनपाटीवर नाशिक, येवला आणि लासलगावकडची वाहतूक जशी एकत्र येते, तसे सगळे उमेदवार एकदा तरी एकत्र यावेत. त्यासाठी पुढील पथ्ये पाळावीत:

१) सभा कोणत्याही पक्षाच्या पैशाने होऊ नये. मंडप-ध्वनिवर्धकाचा खर्च गावाने वर्गणीतून करावा. आचारसंहितेच्या काळात लागणारी परवानगी आधी काढावी.

२) अध्यक्ष कुणाचाही कार्यकर्ता नसावा. निवृत्त गुरुजी किंवा सर्वांना मान्य असलेल्या एखाद्या बाई चालतील.

३) प्रश्न चिठ्ठीवर घ्यावेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे प्रश्न शाळेतल्या मुला-मुलींनी लिहून द्यावेत.

४) निम्म्या चिठ्ठ्या बायांच्या असाव्यात. पंचायतीत २०११ पासून महाराष्ट्रात बायांना निम्म्या जागा आहेत, मग प्रश्नांत का नकोत?

५) एकच प्रश्न सर्व उमेदवारांना विचारावा आणि प्रत्येकाला सारखाच वेळ द्यावा. घंटा वाजली की थांबावे.

६) जातीवर, धर्मावर, कुणाच्या घरच्या भानगडींवर प्रश्न घेऊ नये.

७) घोषणा नाहीत, हार नाहीत, फटाके नाहीत.

८) दिलेली वचने एका वहीत लिहून ती वाचनालयात ठेवावी. वर्षाने ती वही उघडावी.

जो उमेदवार बोलावूनही येणार नाही, त्याची खुर्ची रिकामी ठेवावी. रिकामी खुर्चीही बरेच बोलते.

अडचणी आहेतच

हे सगळे लिहायला सोपे, करायला अवघड, हे आम्हाला मान्य आहे. गावात गट असतात. उद्या सोसायटीत कर्ज मागायचे, पंचायतीतून दाखला घ्यायचा, मुलाला कुठे तरी चिकटवायचे, म्हणून माणूस गप्प बसतो. सभेत बोललेली गोष्ट बांधावर वैर होऊन उगवते. एकट्यादुकट्याने उभे राहिले की त्याला ‘फार शहाणा’ ठरवले जाते.

त्याला उपाय एकच, आधी चार घरांनी मिळून बसावे. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा या आदिवासी गावाचे उदाहरण घ्या. “दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार” अशी त्या गावाची घोषणा. पण केवळ घोषणेवर ते थांबले नाहीत. त्यांनी अभ्यासगट केला. एखादा कायदा, एखादी योजना आधी बसून समजून घ्यायची, त्यावर वाद घालायचा, आणि मग ग्रामसभेत सर्वांच्या संमतीने निर्णय करायचा. २००९ साली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा-लेखा होते. नगर जिल्ह्यातल्या (आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या) हिवरे बाजारनेही हेच केले. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाल्यावर तेथे ग्रामसभेला जोर आला. पाऊस किती पडला, पाणी किती आहे, मग कोणते पीक घ्यायचे, हे तेथे ग्रामसभा ठरवते. गाव करी ते राव न करी, ही म्हण त्यांनी खरी करून दाखवली.

आणि मंडळी, विचारणाऱ्यालाही उत्तर द्यावे लागते, हे विसरून चालणार नाही. घरपट्टी-पाणीपट्टी थकवून पाण्याचा जाब विचारायचा, मताला पाकीट घेऊन भ्रष्टाचारावर बोलायचे, रस्त्यावर अतिक्रमण करून रस्ता अरुंद का म्हणून विचारायचे, हे जमायचे नाही. ज्याने मत विकले त्याने आपला प्रश्नही त्याच दिवशी विकला. पाकीट देणारा मनात म्हणतो, याचा हिशोब तर मी आधीच चुकता केला!

पुढची सभा केव्हा?

देशाचे भवितव्य म्हटले की आपल्याला दिल्ली आठवते. पण ज्या घरातली तरुण पोरे शेती सोडून नाशिकच्या कारखान्यात रोजंदारी शोधतात, ज्या बापाला मुलासाठी मुलगी मिळत नाही कारण तो शेती करतो, त्या घराला देशाचे भवितव्य म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. तो प्रश्न आपल्या अंगणातला आहे. तो आपण विचारला नाही, तर दुसरे कुणी आपल्यासाठी विचारणार नाही.

म्हणून एक साधे काम करा. ग्रामसभेची पुढची तारीख पंचायतीच्या फळ्यावर लागेल, ती बघून ठेवा. दोनशे पानी वही आणा. रात्री जेवणे झाल्यावर घरातली सगळी माणसे बसा. एकेकाने एक प्रश्न सांगावा. आजीनेही सांगावा, सुनेनेही सांगावा, शाळेत जाणाऱ्या नातीनेही सांगावा. त्यातला एक निवडा, नीट लिहा आणि सभेत वाचा. उत्तर आले की तेही त्याच वहीत तारीख घालून लिहा.

चाळीत कांदा भरताना आपण एकेक कांदा निवडून घेतो, कारण एक सडका कांदा चार चांगल्यांना नासवतो, हे आपल्याला ठाऊक आहे. कारभार तरी याहून वेगळा कुठे आहे? तोही पारखून, निवडून घ्यावा लागतो आणि मधून मधून वरखाली करून बघावा लागतो.